महामार्गाची रुंदी वाटून देणारे साधन: स्ट्रीटमिक्सचे परीक्षण

स्ट्रीटमिक्स हे रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच्या रुंदीची मांडणी, आखण्याचे साधन २०१३ साली कोड फॉर अमेरिका या संस्थेच्या एका हॅकेथॉनमध्ये, म्हणजे थोड्या वेळात एकत्र बसून सॉफ्टवेअर घडवण्याच्या मेळाव्यात, आकाराला आले आणि तेव्हापासून मुक्त स्रोत प्रकल्प म्हणून वाढत राहिले. ते ब्राउझरमध्ये चालते, त्यासाठी संगणकावर काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि काम सुरू करायला खातेही लागत नाही. बाजारपेठेतला रस्ता, शाळेसमोरची गल्ली, एखादा छोटा चौपदरी मार्ग अशा कामांसाठी ते अनेकांच्या परिचयाचे आहे. या परीक्षणात त्याला मुद्दाम अधिक अवघड कामाला लावले आहे. वाढत्या उपनगरातून जाणाऱ्या महामार्गावर मोटार, बस, सायकल आणि पादचारी या सर्वांची सोय करण्याचे नियोजन करताना हे साधन कुठवर साथ देते आणि कुठे हात टेकते, एवढाच येथे विचार केला आहे.

असा महामार्ग हा मुळात दोन गावांना जोडण्यासाठी बांधलेला असतो. त्याच्या मार्गिका रुंद, वळणे सौम्य आणि चौक विरळ असतात, कारण त्या काळी दोन्ही बाजूंना शेते किंवा माळरान असते आणि रस्त्याकडून अपेक्षा एकच असते, ती म्हणजे वेग. पुढे घरांचे प्रकल्प येतात, पाठोपाठ दुकाने, शाळा, रुग्णालये, गोदामे येतात, आणि त्यांतील प्रत्येकाला त्याच महामार्गावर आपले प्रवेशद्वार हवे असते. लांबच्या प्रवासाचा मार्ग आणि वस्तीचा रस्ता अशी दोन परस्परविरोधी कामे एकाच डांबरावर येऊन पडतात. अशा रस्त्याची सुधारणा म्हणजे मर्यादित जागेची नव्याने वाटणी करणे होय, आणि वाटणीचा हिशेब मांडणे हे स्ट्रीटमिक्सचे मुख्य काम असल्यामुळे दोघांची गाठ पडणे स्वाभाविक आहे.

साधनाची रचना समजायला वेळ लागत नाही. पडद्याच्या मध्यभागी रस्त्याचा छेद दिसतो आणि खाली घटकांची रांग असते: पदपथ, सायकल मार्ग, मोटारींची मार्गिका, बसची मार्गिका, वळणाची मार्गिका, दुभाजक, झाडे, दिवे, बाके, बस थांब्याचे छप्पर, ट्राम आणि आणखी बरेच काही. हवा तो घटक उचलून छेदात ठेवायचा, त्याची रुंदी वाढवायची किंवा कमी करायची आणि नको असलेला घटक बाहेर ओढून टाकायचा, एवढ्यात काम भागते. मोजमापे मीटरमध्ये किंवा फुटांत ठेवता येतात. प्रत्येक मार्गिकेची दिशा स्वतंत्रपणे उलटवता येत असल्यामुळे वाहने डावीकडून चालोत वा उजवीकडून, छेद दोन्ही पद्धतींत बिनचूक काढता येतो. रस्त्याची एकूण रुंदी एकदा निश्चित केली की साधन त्यावर बारीक लक्ष ठेवते. जागा उरली असेल तर किती उरली ते सांगते, आणि घटकांची बेरीज हद्दीबाहेर गेली तर किती जास्त झाली तेही सांगते. एखादा घटक त्याच्या कामासाठी फार अरुंद केला तरी इशारा मिळतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा व्यवहार नियोजनाच्या बैठकींत सहसा पाळला जात नाही, आणि येथे तो यंत्र पाळायला लावते. या साधनाचा सर्वांत मोठा गुण मला हाच वाटतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेतल्याशिवाय हा गुण लक्षात येत नाही. समजा, महामार्गाची हद्द ३६ मीटर आहे. आजच्या छेदात ३.६ मीटरच्या सहा मार्गिका म्हणजे २१.६ मीटर, मध्ये ४.८ मीटरचा दुभाजक, दोन्ही बाजूंना २.४ मीटरच्या साइडपट्ट्या, आणि त्यांच्या पलीकडे तेवढ्याच रुंदीची गवताची व पाण्याच्या चरीची जागा. बेरीज बरोबर ३६ भरते आणि पदपथाला त्यात जागाच नाही. लोक साइडपट्टीवरून चालतात, सायकलवालेही तेथूनच जातात, बस तेथेच थांबते आणि बंद पडलेला ट्रकही तेथेच उभा असतो. हा छेद स्ट्रीटमिक्समध्ये काढायला काही मिनिटे पुरतात, आणि तो समोर आल्यावर ‘जागाच नाही’ या नेहमीच्या उत्तराची तपासणी करता येते.

आता त्याच हद्दीत दुसरी वाटणी करून पाहू. मोटारींसाठी ३.२ मीटरच्या चार मार्गिका म्हणजे १२.८ मीटर, बससाठी ३.५ मीटरच्या दोन म्हणजे ७ मीटर, ३ मीटरचा दुभाजक, दोन्ही बाजूंना २ मीटरचे सायकल मार्ग, २.४ मीटरचे पदपथ, आणि वाहने व सायकली यांच्यामध्ये २.२ मीटरची झाडांची पट्टी. बेरीज पुन्हा ३६ मीटर. एक इंचही जमीन संपादित न करता या रस्त्यावर चार प्रकारच्या प्रवाशांना आपापली जागा मिळते. बसच्या मार्गिका नको असतील आणि सहाही मार्गिका मोटारींसाठीच राखायच्या असतील, तरी ३.६ ऐवजी ३.२ मीटर रुंदी धरली की २.४ मीटर सुटतात, म्हणजे एका बाजूचा पदपथ केवळ रंगाच्या रेषा सरकवून मिळतो. बसचे अंग साधारण अडीच मीटर रुंद असते आणि आरसे धरले तर ते तीन मीटरच्या जवळ जाते, त्यामुळे बसची मार्गिका ३.५ मीटरपेक्षा अरुंद करण्याचा मोह टाळावा. मोटारींच्या बाबतीत मात्र ३.६ मीटरचा आग्रह वस्तीतल्या रस्त्यावर मला अनाठायी वाटतो, कारण रुंद मार्गिका चालकाला वेग वाढवण्याचे निमंत्रण देते.

नागरिकांच्या बैठकींत हे साधन विशेष उपयोगी ठरते. महामार्गाच्या सुधारणेवर चर्चा सुरू झाली की प्रत्येक जण आपली मागणी मांडतो: रहिवाशांना पदपथ हवा असतो, दुकानदारांना वाहनतळ, चालकांना आणखी एक मार्गिका आणि बस संस्थेला थांब्यासाठी जागा. या मागण्या शब्दांत असतात तोवर त्या सगळ्या एकाच वेळी मान्य होऊ शकतात, आणि अनेकदा तशा मान्यही होतात. पडद्यावर छेद उघडून मागणी करणाऱ्यालाच ‘ही मार्गिका ठेवा, मग कशाची रुंदी कमी करायची ते सांगा’ असे विचारले की बोलण्याची पातळी बदलते. छेदाचा दुवा दुसऱ्याला पाठवता येतो, आणि त्याने त्यात बदल केला तर मूळ छेद शाबूत राहून त्याची स्वतंत्र प्रत तयार होते. त्यामुळे बैठकीनंतर विरोधकाला आपला पर्याय मांडण्यासाठी सल्लागाराकडे जावे लागत नाही. नियोजनाच्या प्रक्रियेत सर्वसामान्य माणसाला मिळणारी ही सोय साधी नाही, आणि बहुतेक महागड्या सॉफ्टवेअरांत ती मिळत नाही.

तरीही चित्राच्या गोडव्यापासून सावध राहिले पाहिजे. स्ट्रीटमिक्सची रेखाटने प्रसन्न आहेत. स्वच्छ आकाश, टवटवीत झाडे, पदपथावर गप्पा मारणारी माणसे असे सगळे त्यात आपोआप येते, आणि महामार्गाचा रुक्षपणा त्यात हरवतो. ज्या पदपथावर प्रत्यक्षात दिवसभरात मोजकीच माणसे चालतील, तोही चित्रात गजबजलेला दिसू शकतो. यावर साधनातच उपाय आहे. पदपथाच्या घटकाला दाट, मध्यम, विरळ आणि रिकामा असे पर्याय आहेत, आणि आजची स्थिती दाखवताना ‘रिकामा’ निवडणे हा प्रामाणिकपणा आहे. दुर्दैवाने बैठकींत सादर होणाऱ्या चित्रांत ‘आज’चा छेद उदास आणि ‘उद्या’चा छेद गर्दीने फुललेला दाखवण्याची हातचलाखी सहज करता येते, आणि पाहणाऱ्याला तिचा संशयही येत नाही. गर्दी पदपथाच्या रुंदीने येत नाही. ती आजूबाजूला चालत जाण्याजोगे काही असेल तर येते.

येथून पुढे या साधनाच्या मर्यादा सुरू होतात, आणि त्यांचे मूळ एकच आहे. स्ट्रीटमिक्स रस्त्याची रुंदी दाखवते, तर उपनगरी महामार्गाची बहुतेक दुखणी त्याच्या लांबीत असतात. दोन चौकांमधील अंतर, प्रवेशद्वारांची दाटी, थांब्यांची जागा, सिग्नलचा कालावधी, वाहनांचा वेग आणि बसच्या फेऱ्या यांपैकी काहीही आडव्या छेदात उतरत नाही. छेद उत्तम जमला म्हणून आराखडा उत्तम झाला असे मानणाऱ्या समितीला या गोष्टी नंतर अडचणीत आणतात.

सर्वांत आधी चौक. वर मांडलेली ३६ मीटरची वाटणी दोन चौकांच्या मधल्या भागाची आहे. चौकात शिरताना वळणाऱ्या वाहनांसाठी स्वतंत्र मार्गिका लागते, कधी दोन लागतात, आणि प्रत्येकीला किमान तीन मीटर जागा हवी असते. ती जागा कोठून येते याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेले असते: प्रथम झाडांची पट्टी जाते, मग सायकल मार्ग संपतो, मग दुभाजक नावापुरता उरतो. म्हणजे जेथे धोका सर्वाधिक तेथेच संरक्षण नाहीसे होते. बस थांब्यापाशीही हीच कथा आहे. थांब्याच्या फलाटाला अडीच ते तीन मीटर द्यावे लागतात, आणि सायकल मार्ग फलाटाच्या मागून वळवला नाही तर दर वेळी बस आणि सायकल एकमेकांच्या आडवी येतात. म्हणून अशा महामार्गाचा एकच छेद काढणे ही अर्धवट माहिती आहे असे मी म्हणेन. निदान तीन छेद हवेत: मधल्या भागाचा, थांब्याचा आणि चौकाच्या तोंडाशी असलेल्या सर्वांत अडचणीच्या जागेचा. स्ट्रीटमिक्समध्ये पहिल्या छेदाची प्रत काढून बाकीचे दोन तयार करणे सोपे आहे, परंतु साधन स्वतःहून ते सुचवत नाही आणि नवखा वापरकर्ता पहिल्या सुंदर चित्रावरच थांबतो.

रस्ता ओलांडण्याचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे, आणि त्यासाठी चित्राच्या शेजारी कागदावर थोडी आकडेमोड करावीच लागते. अमेरिकेतील सिग्नलविषयक नियमावलीने २००९ पासून पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.०७ मीटर धरायला सांगितले आहे. त्यापूर्वी तो १.२ मीटर धरत असत, म्हणजे वृद्ध आणि लहान मुले यांना हिशेबातून वगळत असत. आजच्या छेदात डांबराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे अंतर, दुभाजक धरून, ३१.२ मीटर होते आणि ते ओलांडायला २९ सेकंद लागतात. दुसऱ्या छेदात हे अंतर २२.८ मीटर होते आणि वेळ २१ सेकंदांवर येतो. शिवाय तीन मीटरच्या दुभाजकावर माणूस, बाबागाडी किंवा सायकल नीट उभी राहू शकत असल्यामुळे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो, आणि एकेका टप्प्याचे अंतर ९.९ मीटर, म्हणजे सुमारे नऊ सेकंद एवढेच उरते. पहिल्या दृष्टीला क्षुल्लक वाटणारा मार्गिकेचा ०.४ मीटरचा फरक येथे अर्थपूर्ण ठरतो. छेदातील आकड्यांतून हे सारे काढता येते, मात्र काढण्याचे काम आपले.

पण हे सर्व ओलांडण्याची जागा मुळात जवळ असेल तरच उपयोगाचे. महामार्गावर सिग्नल ८०० मीटरवर एक असेल, आणि मधोमध उतरलेल्या प्रवाशाला अगदी समोरच्या इमारतीत जायचे असेल, तर त्याला ४०० मीटर जाऊन पुन्हा ४०० मीटर मागे यावे लागते. साधारण चालीने यात दहा मिनिटांहून अधिक वेळ जातो. बसने आलेला माणूस हा वळसा घालणार नाही, तो दुभाजकावरून उडी मारेल, आणि मग त्यावर उपाय म्हणून दुभाजकावर जाळी बसवली जाईल. बसचा प्रत्येक प्रवासी जाताना किंवा येताना एकदा तरी रस्ता ओलांडतोच, कारण दोन दिशांचे थांबे समोरासमोर असतात. म्हणून थांबा आणि ओलांडण्याची जागा एकत्र आखल्याशिवाय बसची मार्गिका रंगवणे अपुरे आहे. लांबीच्या दिशेचा नकाशा हाती नसताना हे सुचणे अवघड आहे, आणि स्ट्रीटमिक्सच्या पडद्यावर तो नकाशा नाही.

वेगाबद्दलही हेच म्हणता येईल. पडद्यावरची मोटार ताशी ३० किलोमीटरने जाते की ८० ने, हे चित्रावरून कळत नाही, आणि पादचाऱ्याच्या दृष्टीने तर सगळा फरक तेथेच आहे. एएए फाउंडेशन फॉर ट्रॅफिक सेफ्टी या अमेरिकन संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार, मोटारीची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा सरासरी धोका ताशी ३७ किलोमीटरला १० टक्के असतो आणि ताशी ६८ किलोमीटरला तो ५० टक्क्यांवर जातो. दोन मीटरचा सायकल मार्ग नुसत्या पांढऱ्या रेषेने वेगळा केला असेल, तर शांत रस्त्यावर तो चालून जातो. ताशी ७० किलोमीटरच्या रस्त्यावर मात्र फक्त धाडसी माणूसच त्यावर सायकल चालवेल. छेदात दोन्ही सारखेच दिसतात. माझी सूचना अशी की छेदाच्या नावातच अपेक्षित वेग लिहावा. साधनात रस्त्याला नाव देण्याची सोय आहे आणि ‘मधला भाग, ताशी ५०’ असे नाव दिले की निदान पाहणारा प्रश्न विचारतो.

प्रवेशद्वारांचा मुद्दा बैठकींत सर्वांत कमी चर्चिला जातो, कारण तो थेट मालमत्ताधारकांच्या हिताला स्पर्श करतो. चार रस्त्यांच्या सामान्य चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदण्याच्या, मिळण्याच्या किंवा फुटण्याच्या ३२ जागा असतात, तर एकेरी मार्गिकेच्या वर्तुळाकार चौकात त्या ८ असतात. महामार्गाला येऊन मिळणाऱ्या एका सर्वसाधारण प्रवेशमार्गावर अशा ९ जागा तयार होतात, आणि सलग दुभाजकामुळे फक्त जवळच्या बाजूनेच आत-बाहेर करता येत असेल तर २ उरतात. आता शंभर-शंभर मीटरवर पेट्रोल पंप, हॉटेल, गृहसंकुल आणि शोरूम यांची फाटके कल्पावीत. त्यांपैकी प्रत्येक फाटक पदपथ आणि सायकल मार्ग कापत जाते. शेजारच्या दोन मालमत्तांनी एकच फाटक वापरणे, आतून एकमेकांना जोडणारे रस्ते ठेवणे, किंवा सर्व फाटके सेवा रस्त्यावर काढणे हे उपाय जुने आणि परिणामकारक आहेत. सेवा रस्ता आणि त्याचा दुभाजक स्ट्रीटमिक्समध्ये काढता येतो. फाटके मात्र काढता येत नाहीत, त्यामुळे सेवा रस्ता न घेता आखलेला छेद नेहमीच अधिक देखणा आणि प्रशस्त दिसतो. ही फसगत जाणीवपूर्वक टाळावी लागते.

बसच्या मार्गिकेबाबत चित्र आणि वास्तव यांतील अंतर सर्वाधिक आहे. अमेरिकेतील शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची संघटना, नॅक्टो, हिने दिलेल्या आकड्यांप्रमाणे सुमारे तीन मीटर रुंदीची एक मार्गिका खासगी मोटारींना दिली तर तिच्यावरून तासाला ६०० ते १,६०० माणसे जाऊ शकतात, आणि ती फक्त बसना दिली तर ४,००० ते ८,०००. बसच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण हे आकडे पुढे करतो आणि ते योग्यच आहेत, पण ती क्षमता आहे, आपोआप मिळणारा परिणाम नव्हे. दर वीस मिनिटांनी ६० प्रवाशांची एक बस येणार असेल तर मार्गिकेवरून तासाला १८० माणसे जातील, शेजारच्या रांगेत अडकलेले चालक ती रिकामी मार्गिका पाहून चिडतील, आणि काही महिन्यांत ती पुन्हा सर्वांना खुली करण्याची मागणी होईल. हीच बस दर तीन मिनिटांनी धावली तर आकडा १,२०० होतो आणि मोटारींच्या मार्गिकेशी बरोबरी करू लागतो. वाढत्या उपनगरात सुरुवातीला इतक्या फेऱ्या परवडत नाहीत हे खरे आहे. तेव्हा पहिल्या टप्प्यात संपूर्ण मार्गिका देण्याऐवजी चौकांच्या तोंडाशी बसला पुढे काढणारा छोटा पट्टा आणि सिग्नलवर बसला प्राधान्य, असा क्रम अधिक व्यवहार्य ठरतो. जेथे वेळ सर्वाधिक वाया जातो तेथेच तो वाचवला जातो, आणि उर्वरित लांबीवरचा वाद पुढे ढकलता येतो. स्ट्रीटमिक्समध्ये बसची मार्गिका पूर्ण रस्त्याची असल्यासारखीच दिसते, आणि हा टप्प्यांचा विचार लेखी टिपणातूनच मांडावा लागतो.

आणखी एक मार्गिका वाढवणे या साधनात क्षणाचे काम आहे. जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतील शहरांच्या माहितीवरून दाखवले की आंतरराज्यीय महामार्गांवरील मार्गिकांची एकूण लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवरील वाहनप्रवासही वाढतो. साधनाने याबद्दल काही सांगावे अशी अपेक्षा नाही, पण समितीला ते ठाऊक असावे. तसेच अमेरिकेत १९६५ पासून रूढ झालेल्या ए (उत्तम) ते एफ (सर्वांत वाईट) या श्रेणींनी रस्त्याचे मूल्यमापन प्रामुख्याने मोटारीच्या सोयीवरून होत आले. अशा मोजपट्टीवर पदपथ रुंद करणारा प्रत्येक छेद नापास होण्याची शक्यता असते. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्याने पर्यावरणीय परीक्षणातून ही मोजपट्टी काढून तिच्या जागी वाहनांनी कापलेल्या अंतराचा निकष आणला, आणि तो २०२० च्या मध्यापासून राज्यभर लागू झाला. छेद तयार करण्याआधीच कोणती मोजपट्टी लावली जाणार हे सल्लागाराकडून लेखी घेणे शहाणपणाचे आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती निवडण्याची सोय मला सुरुवातीला शोभेची वाटते खरी, पण वाढत्या उपनगरासाठी ती विचारपूर्वक वापरता येते. इमारतीचा प्रकार आणि मजले बदलता येतात, किंवा इमारतीऐवजी मोकळे गवत वा वाहनतळ ठेवता येतो. उपनगरी महामार्गाचे खरे रूप बहुधा हे वाहनतळच असते: इमारत मागे, समोर गाड्यांचे विस्तीर्ण पटांगण आणि त्यापुढे रस्ता. बसमधून उतरलेल्या माणसाला दारापर्यंत पोहोचण्यासाठी आधी ते पटांगण पार करावे लागते. आज वाहनतळ आणि वीस वर्षांनंतर कडेला आलेल्या तीन-चार मजली इमारती असे दोन छेद शेजारी ठेवले, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. पदपथासाठी लागणारे दोन मीटर बांधकाम परवानगीच्या वेळी मागून घेणे स्वस्त असते, आणि कुंपणाची भिंत उभी राहिल्यानंतर तेच दोन मीटर मिळवायला वर्षे जातात. भूमिगत जलवाहिन्या, विजेच्या तारा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांचा खर्च मात्र या चित्रांत दिसत नाही, आणि कडा सरकवायची म्हटली की सर्वांत आधी तोच खर्च पुढे येतो.

इतर साधनांशी तुलना थोडक्यात उरकता येईल. रांगा आणि विलंब यांचा अंदाज हवा असेल तर जर्मन एरोस्पेस सेंटरने विकसित केलेले सुमो हे मुक्त साधन किंवा पीटीव्ही या कंपनीचे व्हिसिम वापरावे लागते. दोन्ही शिकायला कष्ट पडतात आणि त्यांना भरपूर माहिती पुरवावी लागते. थ्रीडीस्ट्रीट हे साधन स्ट्रीटमिक्समध्ये काढलेला छेद उचलून त्रिमितीय दृश्यात उभा करते, आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून रस्त्याकडे पाहण्याचा अनुभव देते. महामार्गाच्या बाबतीत हा बदल उपयुक्त आहे, कारण वरून आटोपशीर भासणारा रस्ता पदपथावरून पाहिल्यावर किती विस्तीर्ण आहे ते तेथे कळते. स्ट्रीटमिक्सचे मूळ साधन विनामूल्य आहे, आणि आर्थिक पाठबळ देणाऱ्यांसाठी स्ट्रीटमिक्स प्लस या नावाने काही जादा सोयी आहेत. समितीच्या कामासाठी विनामूल्य सोयी पुरेशा आहेत.

हे साधन कोणी वापरावे, याबाबत माझे मत स्पष्ट आहे. रहिवासी संघ, स्थानिक प्रतिनिधी, नियोजनाचे विद्यार्थी आणि सल्लागाराचा अहवाल हाती आलेला कोणताही नागरिक यांनी ते जरूर वापरावे, आणि अहवालातील छेद स्वतः पुन्हा काढून त्यांची बेरीज तपासावी. स्वतः सल्लागारांनी मात्र केवळ याच चित्रांवर अहवाल उभा करू नये. अहवालाला चित्रे जोडताना ती प्रतिमा म्हणून साठवण्याच्या खिडकीत घटकांची नावे आणि रुंदी छापण्याचा पर्याय आहे, तो निवडावाच. रस्त्याचे नाव छापण्याचाही पर्याय आहे आणि वर सुचवल्याप्रमाणे त्या नावात वेग व जागा लिहिलेली असेल तर कागद स्वतःपुरता पुरेसा बोलका होतो. त्याच पानावर दोन सिग्नलांमधील अंतर, पहिल्या वर्षी धावणाऱ्या बसच्या फेऱ्या आणि त्या टप्प्यातील फाटकांची संख्या या तीन ओळी हाताने लिहून जोडाव्यात, आणि ज्या छेदाखाली त्या लिहिता येत नसतील तो छेद मतदानासाठी ठेवू नये.